एक रविवार हिंगणी, एक रविवार पवनार

सेलूच्या बाजारात हिरालालजींचं कापडाचं दुकान होतं. साखर वाढली तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. चालण्याचा त्यांना भारी कंटाळा. शाळेत असताना सायकल चालवायचो, तीच पुन्हा चालवतो म्हणाले आणि सायकल विकत घेतली. मग ती बरेच दिवस दुकानामागच्या बोळात नुसतीच उभी राहिली. शेवटी एका सकाळी कापड घ्यायला आलेल्या वासुदेवरावांना त्यांनी विचारलं, रविवारी माझ्यासोबत याल का.

वासुदेवरावांची गावाबाहेर केळीची आणि कपाशीची शेती. शेतावर जाणं-येणं रोज सायकलनेच. दुकानापुरती ओळख होती, त्यापलीकडे काही नाही. सोबत कशाला हवी, तर हिरालालजींनी कारण सांगितलं, की एकटा माणूस काम नसताना सायकलवर फिरताना दिसला की लोक थांबवून विचारतात, काय झालं, कुठे निघाले. दोघं दिसले की कोणी विचारत नाही. वासुदेवरावांना हे पटलं.

ही एक्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. त्यानंतर एक रविवार हिंगणी आणि एक रविवार पवनार, असं ठरूनच गेलं. हिंगणीचा रस्ता आडवळणाचा, दोन्ही बाजूंनी शेतं, पुढे जंगलाची कड लागते. मन झालं तर ते बोर धरणाच्या भिंतीपर्यंत जात. पवनारचा रस्ता मोठा, ट्रकांचा आणि एसटीचा, पण शेवटाला धाम नदीचा पूल आणि पात्रातले काळे खडक. घाई दोघांनाही नसे. मागून येणारा दूधवालाही त्यांना ओलांडून जाई. वासुदेवराव दुसऱ्याच्या वावरातली तूर बघायला उतरत आणि हिरालालजी, ज्यांना तुरीतलं काही कळत नव्हतं, तेही उतरून बघत.

हिंगणीला बसस्टँडसमोर बंडूजींचं हॉटेल होतं. दोन बाकं, चुलीवरचा आल्याचा चहा आणि कढईतून निघालेले आलुबोंडे. पवनारला पुलाच्या अलीकडे किसनरावांची कँटीन, निंबाच्या सावलीत. दोन्हीकडे हिरालालजींसाठी बिनसाखरेचा चहा वेगळ्या भांड्यात मांडत. तो निमूटपणे संपवून हिरालालजी वासुदेवरावांच्या बशीतला गोड चहा घोटभर मागून घेत. "आता डॉक्टरचं झालं, हे माह्यं," असं म्हणत.

बोलायचे ते हिरालालजीच. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलून बोलून त्यांना सवय होती, पण ते बोलणं वेगळं. रस्त्यावर ते घरचं बोलत. भावाशी पटत नाही ते, धाकटा प्रफुल दुकानात लक्ष घालत नाही ते. जास्त करून मोठ्या सुनेविषयी. थोरला भूपेंद्र, त्याची बायको हर्षा. लग्न ठरलं तेव्हा ती अमरावतीला बी. ए.च्या शेवटच्या वर्षात होती. परीक्षा देऊ द्या, एवढंच तिच्या वडिलांनी मागितलं होतं आणि हिरालालजींनी हो म्हटलं होतं. लग्नानंतर हिरालालजींच्या बायको सुमित्राबाई म्हणाल्या, सून पुस्तकं घेऊन बसली तर स्वयंपाक कोणी करायचा. विषय तिथेच संपला. माहेरी भावाच्या लग्नाला तिला एका दिवसापुरतं पाठवलं, तेही भूपेंद्रसोबत, संध्याकाळी परत. पोरगी स्वयंपाकघरात रडते, हे हिरालालजींना दिसायचं. "पण घरातलं बायकाईचं, मी काय बोलू?" असं म्हणून ते ग्लास खाली ठेवत. सांगून झालं की त्यांना हलकं वाटे, आणि परतीच्या वाटेवर ते गाणं गुणगुणत.

वासुदेवराव ऐकून घेत. मान हलवत, हूं म्हणत. सल्ला कधी देत नसत. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोलायचं, असा त्यांचा स्वभाव. आणि तसं पाहिलं तर एकमेकांच्या घराशी त्यांचा संबंधही नव्हता. इतक्या वर्षांत हिरालालजी वासुदेवरावांकडे जेवले नव्हते, वासुदेवराव त्यांच्या माडीवर चढले नव्हते. दोस्ती होती ती रस्त्यावरची.

वासुदेवरावांना एकच मुलगी, छाया. वर्ध्याला कॉलेज करून ती सेलूतल्या एका शाळेत शिकवायला लागली होती. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, हिंगणीला, हिरालालजींनी चहा यायच्या आधीच तिचं नाव काढलं. प्रफुल आणि छाया कॉलेजात असताना एकाच एसटीने जायचे-यायचे. आता प्रफुलने बापाला सांगितलं होतं, की लग्न करीन तर तिच्याशीच.

"मी घरात भांडलो," हिरालालजी म्हणाले. "भाऊ म्हणते, जातीबाहेरची पोरगी आणली त समाजात तोंड दाखवता येणार नाई. मी म्हटलं, मले येते दाखवता. सुमित्रानं दोन दिवस जेवण नाई केलं. पण आता कबूल हाय. वासुदेवराव, मी तुमच्या पोरीले मागाले आलो हाव."

 वासुदेवरावांना गहिवरून आलं. कापड बाजारातल्या त्या घराण्यात अशी गोष्ट बोलायला काय लागतं, हे त्यांना कळत होतं. आणि त्याच क्षणी, काहीही न ठरवता, त्यांच्या डोळ्यांसमोर हर्षा आली. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण ती स्वयंपाकघरात कुठे बसून रडते, हेसुद्धा त्यांना माहीत होतं.

ते म्हणाले, घरी विचारतो.

घरी त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना, सगळं सांगितलं. पोरगा चांगला आहे का, असं त्यांनी विचारलं. चांगला आहे, वासुदेवराव म्हणाले. मग हर्षाचं सांगितलं. मनकर्णाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, आपली पोरगी सकाळी शाळेत जाते तेव्हा कशी ताठ चालते ते बघितलं ना तुम्ही. झालं. दोघांचं मत एकच पडलं. छायाला या गोष्टीतलं काही सांगायचं नाही, हेही ठरलं. नाही म्हणायचंच आहे तर तिच्या जिवाला घोर कशाला.

राहिला प्रश्न हिरालालजींना काय सांगायचं याचा. तुमच्या घरात सुनेचे हाल होतात, असं म्हणायचं? कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर? त्यांनीच सांगितलं होतं, विश्वासानं, बशीतला चहा वाटून घेताना. तेच उचलून त्यांच्या तोंडावर मारायचं हे वासुदेवरावांना काही केल्या जमेना. आठवडाभर विचार करून त्यांनी सोपं कारण निवडलं.

पवनारला, किसनरावांच्या कँटीनवर ते म्हणाले, "आमच्या समाजात नाई जमत, हिरालालजी. लोक नावं ठेवतीन."

"दुसरं काई कारण हाय?"

"नाई."

हिरालालजींनी चहा शेवटपर्यंत प्यायला. त्या दिवशी त्यांनी बशी मागितली नाही. उठले, सायकल स्टँडवरून काढली.

"मी समाज घरी सोडून आलतो, वासुदेवराव," ते म्हणाले. "तुमी त्याले संगं घेऊन बसले."

आणि एकटेच निघून गेले. वासुदेवराव त्यांच्या मागून निघाले नाहीत. आपण जातीचं नाव घेतलं याची त्यांना शरम वाटत होती, आणि मित्राला त्याहून मोठ्या दुखण्यातून वाचवलं असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

त्यानंतर रविवार वाटले गेले. हिरालालजी पवनारला जात, वासुदेवराव हिंगणीला. कोणी तसं ठरवलं नव्हतं. बंडूजींनी शेठची तब्येत विचारली, तर दुकानात गर्दी असते, असं वासुदेवरावांनी सांगितलं. एकट्याने सायकल आपोआप जोरात जायची. तूर बघायला उतरावंसं वाटायचं नाही. ते इतक्या लवकर घरी परतत की मनकर्णाबाईंची कणिकसुद्धा भिजलेली नसे.

छायाला हे कळलं ते प्रफुलकडून. शाळा सुटल्यावर बसस्टँडजवळ त्याने तिला थांबवलं आणि कडवटपणे म्हणाला, तुझ्या बाबांनी जात काढली. तिला ते खरंच वाटेना. तिच्या बापाने घरात कधी कोणाची जात काढलेली तिने ऐकली नव्हती. ती तशीच शेतावर गेली. वासुदेवराव केळीला पाणी देत होते. तिने विचारलं, आणि त्यांना खोटं दुसऱ्यांदा बोलता आलं नाही. त्यांनी हर्षाचं सगळं सांगितलं. आपण हे कोणासाठी केलं तेही सांगितलं.

छाया बांधावर बसून ऐकत होती. पाणी एका आळ्यात भरून दुसऱ्यात गेलं. मग म्हणाली, "बाबा, त्या घरात सुनेले कोणी इचारलं नाई, म्हून तुमाले राग आला. हो ना?"

"हो."

"अन् तुमी मले इचारलं का?"

 वासुदेवराव फावडं हातात धरून उभे राहिले. पोरगी रागावून गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली नाही, त्यांच्यासोबत शेवटचं आळं भरेपर्यंत थांबली आणि दोघं बरोबरच घरी आले.

पुढच्या रविवारी तिने आपली लेडीज सायकल काढली आणि आईला सांगून पवनारचा रस्ता धरला. किसनरावांच्या कँटीनवर बाया बसत नसत. एसटी थांबली तर खिडकीतून चहा घेत, तेवढंच. बाकावरचे दोघे-तिघे गडी तिला पाहून गप्प झाले. हिरालालजी निंबाखाली एकटेच होते. ती समोर जाऊन बसली आणि किसनरावांना चहा सांगितला.

"काकाजी," ती म्हणाली, "बाबांनी तुमाले खोटं सांगितलं. जातीचं काईच नव्हतं. त्याईच्या मनात हर्षावहिनीचं होतं."

हिरालालजींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा चेहरा उतरत गेला. "म्हणजे, मी जे सांगितलं..."

"तुमी सांगितलं म्हूनच त्याईले बोलता नाई आलं."

पुलावरून एक ट्रक गेला. हिरालालजी नदीकडे बघत राहिले. रागवावं की लाजावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, असं छाया पुढे मनकर्णाबाईंना सांगायची. मग त्यांनी तिला जो प्रश्न विचारला, तो या सगळ्या प्रकरणात तोवर तिला कोणीच विचारला नव्हता.

"अन् तुह्यं काय म्हणणं हाय?"

छायाने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, प्रफुल मला आवडतो. नोकरी मी सोडणार नाही. आणि तिसरी गोष्ट सांगताना ती जरा अडखळली.

"वहिनीले आधी परीक्षेले बसू द्या, काकाजी. त्याईले बंद अन् मले मोकळं, अशा घरात मले नाई राह्यता येणार. रोज त्याईच्या समोरून शाळेत जाऊ कशी?"

 छाया चहा पिऊन उठली, हिरालालजींच्या पाया पडली आणि निघाली. ते मात्र ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसले होते.

त्या आठवड्यात त्यांनी घरी जाहीर केलं की हर्षा परीक्षा देईल. भूपेंद्र हो-नाही काही म्हणाला नाही. सुमित्राबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. हर्षाला तेव्हा दोन वर्षांची मुलगी होती, आचल. पोरीला मी सांभाळणार नाही, मग कशी बसते परीक्षेला ते बघते, असं सुमित्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते खरं केलं. हर्षा दुपारी अभ्यासाला बसली की आचल दुकानात यायची. हिरालालजी तिला कापडाच्या ताग्यांवर बसवून गिऱ्हाईक बघायचे. परीक्षेच्या दिवसांत ते स्वतः हर्षाला एसटीने वर्ध्याला घेऊन गेले. ती आत पेपर लिहायची, आणि बाहेर झाडाखाली, मुलींना सोडायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात, धोतर-टोपीतले हिरालालजी नातीला बिस्किट भरवत बसायचे. सेलूत त्याची बरीच चर्चा झाली. पहिल्या खेपेला हर्षाचा एक विषय राहिला. दुसऱ्या खेपेला तो निघाला.

याच काळात छाया आणि प्रफुल अधूनमधून भेटत होते. लग्न आता होणार असंच सगळे धरून चालले होते. पण दिवस लांबत गेले तसा प्रफुल चिडचिडा झाला. घरात आईशी वडील एकटे भांडत होते. प्रफुल त्या वेळी बाहेर निघून जायचा. हर्षाचा विषय राहिल्याचं कळलं तेव्हा तो छायाला म्हणाला, आता अजून सहा महिने थांबायचं का? वहिनीच्या परीक्षेशी आपला काय संबंध?

छाया त्याच्याशी भांडली नाही. ती घरी आली, जेवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की मी हे लग्न करणार नाही. मनकर्णाबाईंनी पुष्कळ समजावलं, की पुरुषाचं बोलणं असतं एखाद्या वेळचं. छाया म्हणाली, एखाद्या वेळचंच होतं, पण त्यातून मला पुढचं सगळं दिसलं. ती रडली मात्र पुष्कळ. कितीतरी दिवस ती शाळेतून येऊन सरळ खोलीत जायची. वासुदेवराव दाराबाहेर खाटेवर बसून राहायचे. आत जावं की नाही, हे त्यांना कळत नसे.

वर्षभराने प्रफुलचं अकोल्याच्या मुलीशी लग्न झालं. छायानेही पुढे हिंगणघाटच्या एका शिक्षकाशी लग्न केलं आणि तिकडेच बदली मागून घेतली.

प्रफुलचं लग्न झाल्यावरचा पहिला रविवार. वासुदेवराव सायकल घेऊन हिंगणीच्या फाट्यावर आले तर तिथे हिरालालजी उभे. सायकल नवी नव्हती, पण पुसलेली होती. "चला," ते म्हणाले. दोघं हिंगणीला पोचले. बंडूजींनी दोघांना एकत्र बघितलं आणि चुलीवर दोन भांडी मांडली.

वासुदेवरावांनी सुरुवात केली. म्हणाले, मी जातीचं खोटं सांगितलं, ते चुकलं.

हिरालालजींनी मान हलवली. "खोटं बोलले ते एक झालं. त्याचं मले तितकं नाई." त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली.  "मी तुमाले हर्षाचं सांगत जाय, तुमी हूं म्हणत जा. मले वाटे, या माणसाले समजते. मंग आपलं तितकंबी चुकत नसन. पाच-सहा वर्षं मी तुमच्या हूंवर काढले, वासुदेवराव. अन् तुमाले तवाबी ते पटत नव्हतं."

"नव्हतं," वासुदेवराव म्हणाले.

"मंग तवाच काऊन नाई म्हटलं?"

वासुदेवरावांना आठवलं, आपण ऐकून घेतो याचा आपल्याला किती अभिमान होता. मनकर्णाबाईंनाही ते सांगायचे, की शेठ माझ्याजवळ मन मोकळं करतो. आणि त्या मोकळं होण्यात, तिकडे माडीवर, एका पोरीची वर्षं जात होती.

"मैत्री तुटन असं वाटलं," ते म्हणाले. यावर हिरालालजी हसले, थोडंसंच, आणि चहा थंड होण्याआधी प्या म्हणाले.

रविवार पुन्हा सुरू झाले, पण पहिल्यासारखे नाहीत. हिरालालजी आता घरचं बोलत नसत. कापसाचे भाव, रेडिमेड कपड्यांनी मारलेला धंदा, रस्त्यासाठी तोडलेली झाडं, यावर बोलत. वासुदेवरावही खोदून विचारत नसत. तेही छायाबद्दल फार बोलत नसत. ती सुखात होती, पण प्रफुलचं नाव ऐकलं की अजून गप्प होई, हे त्या घरच्या माणसाला कसं सांगायचं. हर्षा आता दुकानाच्या बायकांच्या भागात बसू लागली होती. हे वासुदेवरावांना कळलं ते मनकर्णाबाईंकडून, त्या साडी घ्यायला गेल्या तेव्हा. असंच आठ-नऊ वर्षं चाललं. गुडघे बोलायला लागले, तसं धरणापर्यंत जाणं बंद झालं. चढ आला की दोघं उतरून सायकल हातात धरून चालत.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात, पवनारला, किसनरावांनी चहा आणून ठेवला तेव्हा हिरालालजी बराच वेळ ग्लास हातात फिरवत राहिले. मग बोलले. आचल आता बारा वर्षांची झाली होती. शाळेच्या खो-खोच्या संघात होती. संघ सामन्यांना चंद्रपूरला चालला होता, मुक्कामी. सुमित्राबाई नको म्हणत होत्या, भूपेंद्र नको म्हणत होता.

"अन् तुमी?" वासुदेवरावांनी विचारलं.

"मीबी नाईच म्हटलं. पोरीची जात हाय, परक्या गावात चार दिवस..." ते सांगत गेले. हर्षा काय म्हणाली, आचलने कसा अबोला धरला, सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी वासुदेवरावांकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले.

वासुदेवरावांच्या तोंडाशी हूं आला होता.

"मले नाई पटत," ते म्हणाले. "तुमी चूक करून राह्यले."

हिरालालजींचा चेहरा लाल झाला. तुम्हाला नात नाही, तुम्हाला काय कळणार, असं ते बोलून गेले. वासुदेवराव म्हणाले, लेक आहे. संघासोबत शिक्षक बाई जाणार आहेत का, पोरी कुठे उतरणार आहेत, हे तुम्ही विचारलं तरी का? हिरालालजींनी विचारलं नव्हतं. मग ते जुन्या गोष्टींवर गेले, वासुदेवरावही गेले. दोघांचे आवाज इतके चढले की किसनराव भट्टीवरून उठून आले आणि दुसरा चहा ठेवून गेले. पहिला तसाच पडून होता.

परतताना चढावर दोघं उतरले. हिरालालजी फुरंगटलेले होते, पण पुढे निघून गेले नाहीत. दम लागला तसे थांबले. म्हणाले, संघासोबत कोण बाई जातात, कुठे राहतात, ते छायाला माहीत असेल का, आचल तिच्याच जुन्या शाळेत आहे. वासुदेवराव म्हणाले, घरी या, फोन लावून देतो.

मनकर्णाबाई अंगणात हरभरा सोलत होत्या. हिरालालजींना दारात पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आत जाऊन ताट वाढायला घेतलं आणि वासुदेवरावांना हळूच विचारलं, शेठला वरणात गूळ चालत नाही ना.